पाठीवरची सॅक आणि सात किलोंचा काटा

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी मेसेज केले की बसमध्ये, लोकलमध्ये ऐकताना आकडे लक्षात राहत नाहीत, लिहून टाका. म्हणून हा भाग नेहमीसारखा इथे लिखित स्वरूपात देतोय. बोलल्यासारखंच लिहिलंय, जास्त इस्त्री केलेली नाही.

आजचा विषय तसा साधा वाटेल. सॅक. ट्रेकला नेतो ती, पाठीवरची सॅक. आणि प्रश्न एकच: अशी एक सॅक मिळेल का जी डोंगरातही चालेल आणि विमानात केबिन बॅग म्हणूनही चालेल? मी या प्रश्नात पडलो तो एका फजितीमुळे. तिथून सुरू झालेला शोध देवगिरीच्या किल्ल्यापर्यंत आणि आजीच्या चुंबळीपर्यंत गेला. तर आधी फजिती ऐका.

गेल्या डिसेंबरात आम्ही चार मित्र उत्तराखंडात केदारकंठाला निघालो. पुण्याहून दिल्ली, दिल्लीहून देहरादून, तिथून जीपनं सांक्री. माझ्याकडे ऑनलाइन घेतलेली नवीकोरी ५० लिटरची सॅक होती. वर टोपण, बाजूला पट्टे, एकदम गिर्यारोहक दिसत होतो मी. मनात पक्कं होतं की ही सॅक केबिनमध्येच घेऊन जायची. पाठीवरच तर आहे, कोण अडवतंय?

गेटवर अडवलं. तिथे तो लोखंडी साचा असतो ना, ज्यात बॅग बसवून दाखवायची, त्यात माझी सॅक टोपणासकट बसेना. वर काटा दाखवत होता ९ किलो ४०० ग्रॅम. मागे रांग, पुढे ताई शांतपणे म्हणताहेत, "सर, ही खाली टाकावी लागेल." पैसे भरले, सॅकला टॅग लागला, ती खाली गेली. देहरादूनला पट्ट्यावरून परत आली तेव्हा कंबरपट्ट्याचं बकल मधोमध तुटलेलं होतं.

मी म्हटलं, बकलच आहे, त्यात काय एवढं. दुसऱ्या दिवशी सांक्रीतून चढायला लागल्यावर दोन तासांत कळलं काय एवढं ते. कंबरपट्टा नाही म्हणजे सगळं वजन खांद्यावर. दुपारपर्यंत मान आखडली, हात बधिर व्हायला लागले. शेवटी माझी सॅक एका खच्चरवाल्या काकांनी घेतली. त्या दिवशी खच्चर आधीच भरलेलं होतं, म्हणून त्यांनी ती स्वतःच्या पाठीवर घेतली. एक दोरी सॅकच्या खालून काढली, कपाळावर अडकवली आणि निघाले. त्यांचं वय माझ्या वडिलांएवढं. मी सव्वीस हजारांची जॅकेट-बुटांची खरेदी करून मागे रिकामा चालतोय आणि माझं ओझं ते वाहताहेत.

ती दुपार माझ्या डोक्यातून गेली नाही. सॅक निवडायला मी चुकलो होतो आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणाच्या तरी मानेनं मोजली. म्हणून आजचा इतिहास हा बॅगेच्या फॅशनचा इतिहास नाही. ओझं कुणी वाहिलं, शरीराच्या कुठल्या भागावर वाहिलं आणि ते मोजायचा काटा कुणाच्या हातात होता, त्याचा हा इतिहास आहे.

आधी शब्दांपासून सुरू करू. आपल्याकडे जुने ट्रेकर अजूनही 'हॅवरसॅक' म्हणतात. आपण त्याचं आखूड 'सॅक' केलं. हा शब्द मूळचा जर्मन. 'हाफर' म्हणजे ओट्स, घोड्याचा दाणा. हॅवरसॅक म्हणजे घोडेस्वारानं घोड्याचा दाणा ठेवायची पिशवी. आता सांगा, मराठीत याला शब्द नाही का? आहे की, तोबरा! घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची पिशवी म्हणजे तोबरा. आपण अजूनही म्हणतो, "तोंडात पानाचा तोबरा भरलाय." मराठ्यांचे घोडे ज्या पिशवीतून चंदी खायचे आणि मुंबई-पुण्याची पोरं राजगडावर जी पाठीला लावून गेली, त्या दोन शब्दांचं मूळ एकाच घोड्याच्या तोंडाशी येऊन थांबतं. दुसरा शब्द रकसॅक. तोही जर्मनच, आल्प्सच्या डोंगराळ बोलीतून आलेला. 'रुक' म्हणजे पाठ. पाठपिशवी, बस्स.

आपल्याकडे पाठीपेक्षा खांदा आणि डोकं जास्त वापरलं गेलं. पडशी आठवते? लांबट पिशवी, मध्ये खांद्यावर टाकायची, एक खिसा पुढे, एक मागे. दोन्हीकडे वजन सारखं, म्हणून चालताना तोल जात नाही. गाठोडं, बोचकं, वळकटी, कावड, हे सगळे आपले 'लगेज'चे प्रकार. आणि जड माल असेल तर बैल. लमाणांचे तांडे हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य, मीठ घेऊन दख्खनभर फिरायचे. गाडीरस्ता नसलेल्या घाटात बैलाची पाठ हीच मालगाडी होती.

गोणीवरून आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगतो. वैजापूरहून संभाजीनगरला जाऊन थोडं वळसा घातला की देवगिरी येतो. शाळेच्या सहलीला आपण सगळे तिथे गेलोय, अंधारीतून ओरडत चाललोय. १२९६ साली अलाउद्दीन खिलजी अचानक या किल्ल्यावर आला. त्या वेळी तो दिल्लीचा सुलतान झालेला नव्हता, कडा प्रांताचा सुभेदार होता. रामदेवराय यादव गडबडीत किल्ल्यात शिरला. वेढा पडणार म्हणजे धान्य हवं. फिरिश्ता नावाच्या इतिहासकारानं नंतर तीनशे वर्षांनी लिहिलंय की कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांच्या गोण्या तिथे पडल्या होत्या, त्या धान्याच्या समजून किल्ल्यात ओढून घेतल्या. पुढे उघडून पाहिलं तर आत मीठ! मिठावर वेढा काढता येत नाही. तह करावा लागला.

ही गोष्ट अक्षरशः अशीच घडली का, यावर अभ्यासक वाद घालू शकतात, कारण फिरिश्ता त्या काळाचा साक्षीदार नव्हता. पण मला त्यातली एक गोष्ट पटते. निघायच्या घाईत आपण बॅग भरतो आणि आत काय आहे, किती आहे, हे बघतच नाही. मी पुण्याला घरी एकदा काट्यावर सॅक ठेवली असती तर गेटवर ९ किलो ४०० ग्रॅम बघून तोंड पडलं नसतं.

आता काट्याकडे येऊ. वाटेत अडवून ओझ्यावर पैसे घेणं ही विमान कंपन्यांची आयडिया आहे असं वाटत असेल तर जुन्नरजवळच्या नाणेघाटात जा. आपलं पैठण सातवाहनांची राजधानी. तिथला माल सह्याद्री उतरून कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांकडे जायचा तो नाणेघाटातून. घाटाच्या तोंडाशी राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख असलेली लेणी आहे आणि जवळच दगडात कोरलेला एक मोठा रांजण. परंपरा सांगते की व्यापारी या रांजणात जकात टाकून खाली उतरायचे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा चिंचोळ्या जागी, जिथून दुसरी वाट नाही, तिथे उभं राहून वसुली होत होती. विमानतळाचं बोर्डिंग गेट यापेक्षा वेगळं काय आहे? रांजणाऐवजी कार्ड स्वाइप करायचं मशीन, एवढंच.

बरं, आता माझ्या आजीकडे येऊ. केदारकंठाहून आल्यावर मी वैजापूरला घरी गेलो. सॅक अंगणात टाकली. आजी तिच्याकडे बघत म्हणाली, "अरे पोरा, एवढं ओझं पाठीला लटकवून कशाला फिरतो? डोक्यावर घ्यायचं ना." मी हसलो. ती आत गेली आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीची चुंबळ घेऊन आली. शेतातून चाऱ्याचा भारा आणताना, नळ नव्हते तेव्हा विहिरीवरून हंडे आणताना, ही डोक्यावर ठेवायची. "चुंबळ नीट बसली ना, मग वजन मानेत जात नाही, सरळ खाली जातं," असं ती म्हणाली.

"सरळ खाली जातं." मंडळी, सॅकच्या सगळ्या इंजिनिअरिंगचं सार या तीन शब्दांत आहे. स्नायूंवर ओझं लटकवलं की स्नायू थकतात. हाडांवर ठेवलं की हाडं ते जमिनीपर्यंत पोचवतात. १९८६ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांवर एक अभ्यास आला होता. त्या डोक्याच्या आधारानं स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत ओझं घेऊन चालल्या तरी त्यांची ऊर्जा रिकामं चालण्यापेक्षा जास्त खर्च होत नव्हती. २००५ मध्ये 'सायन्स'मध्ये नेपाळी हमालांवर अभ्यास आला. एव्हरेस्टच्या वाटेवर डोको नावाच्या टोपलीत, कपाळावरच्या पट्ट्यानं, पुरुष हमाल सरासरी स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के ओझं वाहत होते, आणि बायका ६६ टक्के. आधुनिक सॅक घेतलेल्या लोकांपेक्षा ते हे काम कमी ऊर्जेत करत होते. माझ्या त्या काकांनी कपाळावर दोरी घेतली, ती हीच पद्धत.

पण इथे थांबा. 'कमी ऊर्जेत' म्हणजे 'त्रास नाही' असं नाही. आजीची मान आता वळत नाही. आपण शहाणपणाचं कौतुक करतो आणि त्यामागचा नाइलाज विसरतो. तिला दुसरा पर्याय असता तर तिनं चुंबळ कधीच फेकून दिली असती.

आता पर्याय कसा तयार झाला ते बघू. १९९१ साली ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर आल्प्सच्या बर्फात एका माणसाचं शरीर सापडलं. त्याला ओट्झी म्हणतात. सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा माणूस. त्याच्यासोबत हेझल लाकडाची यू आकारात वाकवलेली काठी आणि लाकडाच्या पट्ट्या होत्या. बरेच संशोधक म्हणतात ही पाठीवरच्या पिशवीची चौकट होती. काही जण म्हणतात नाही, ते बर्फात चालायच्या बुटाचे भाग असावेत. चौकट असेल तर सॅकची फ्रेम ही पाच हजार वर्षं जुनी कल्पना आहे.

मग १९२० च्या सुमारास लॉइड नेल्सन नावाचा अमेरिकन माणूस अलास्कात फिरत होता. तिथे त्यानं स्थानिक आदिवासींची पाठीवरची चौकट वापरली, वाकवलेल्या काठ्या आणि त्यावर ताणलेलं सीलचं कातडं. त्यानं त्यात सुधारणा केली, लाकडी फळी आणि कॅनव्हास लावला आणि पेटंट घेतलं. 'ट्रॅपर नेल्सन' नावानं ती अमेरिकेत खूप खपली. ज्यांच्याकडून कल्पना घेतली त्यांची नावं मात्र फारशी कुणाला माहीत नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये आपण ओपन सोर्स कोड वापरला तर निदान लायसन्स फाइल तरी ठेवतो.

१९५२ मध्ये कॅलिफोर्नियात डिक केल्टी यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची फ्रेम बनवून विकायला सुरुवात केली. असं सांगतात की डोंगरात चालताना फ्रेमची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशात खोचल्यावर खांद्यावरचा भार एकदम हलका झाला, आणि तिथून कंबरपट्ट्याची कल्पना रुजली. म्हणजे आजीच्या भाषेत, वजन सरळ खाली गेलं. फक्त डोक्याऐवजी कंबरेच्या हाडावरून.

पण बाहेरची फ्रेम कड्यावर चढताना अडते. डोकं वर करून पुढची पकड शोधायची तर मागे नळी टोचते. १९६७ मध्ये ग्रेग लो यांनी फ्रेम सॅकच्या आत घातली. सॅक पाठीला चिकटली, चढताना अंगाबरोबर हलायला लागली. बाजूचे आवळायचे पट्टे, छातीवरचा पट्टा हेही लो यांच्याच नावावर सांगितलं जातं. आज आपण जी ट्रेकिंग सॅक म्हणतो ती सगळी या वळणावरून आलेली आहे. एक गंमत बघा. फ्रेम आत गेली, बाजू आवळता आल्या, म्हणून सॅक विमानाच्या साच्यात बसण्याच्या लायकीची झाली. १९६७ मध्ये कुणाच्या डोक्यात केबिन बॅग नव्हती. कड्यासाठी केलेला बदल विमानाला उपयोगी पडला.

याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? १९५३ मध्ये तेनझिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले. १९५४ मध्ये दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. त्याच वर्षी मुंबईत 'गिरिविहार' ही संस्था सुरू झाली. १९६५ मध्ये उत्तरकाशीला नेहरू इन्स्टिट्यूट आली, जिथे आजही आपल्याकडची पोरं बेसिक कोर्स करायला जातात. १९८२ मध्ये पुण्यात 'गिरिप्रेमी' सुरू झाली. १९९८ मध्ये पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले. मे २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली गिरिप्रेमीचे ८ गिर्यारोहक एकाच मोहिमेत माथ्यावर गेले. सह्याद्रीत एसटीनं, रात्रीच्या गाडीनं जाऊन, स्टेशनवर झोपून घडलेली ही परंपरा आहे. रोटेगाव स्टेशनवरून गाडी पकडून मनमाडच्या अलीकडे अंकाईला उतरलात तर अंकाई-टंकाईजवळ हडबीची शेंडी दिसते, अंगठ्यासारखा सुळका. तिथे आजही सुट्टीच्या दिवशी दोर लावलेली पोरं दिसतात. आपल्याकडच्या प्रस्तरारोहणाचा पाया रेल्वे आणि एसटी आहे. एसटीच्या टपावर कुणी सॅकची उंची मोजत नाही.

विमान आलं आणि मोजमाप आलं. टाटांच्या विमानसेवेची सुरुवात कशी झाली माहितेय? १५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूवर उतरले. छोटं पुस मॉथ विमान. सोबत टपाल किती? सुमारे २५ किलो. टाटांच्या हवाई टपालाच्या पहिल्या फेरीचं सगळं वजन आपल्या एका मोठ्या सूटकेसएवढं. विमानात वजन हा सुरुवातीपासूनच हिशोबाचा विषय आहे, कारण प्रत्येक किलो उडवायला इंधन लागतं.

तरी खूप वर्षं सामान तिकिटातच धरलेलं असायचं. २००३ मध्ये एअर डेक्कननं स्वस्त तिकिटं आणली, २००६ मध्ये इंडिगो सुरू झाली. आमच्यासारख्या घरातला माणूस विमानात बसायला लागला तो यानंतर. २००८ मध्ये इंधन महागल्यावर अमेरिकन एअरलाइन्सनं पहिल्या चेक-इन बॅगेवर १५ डॉलर लावले, मग बाकीच्यांनीही लावले. लोकांनी काय केलं? सगळं सामान केबिनमध्ये कोंबायला सुरुवात केली. त्यामुळे वरचे कप्पे भरायला लागले, त्यामुळे गेटवर साचे आणि काटे आले. २०१५ मध्ये 'आयाटा' या विमान कंपन्यांच्या संघटनेनं सगळ्या जगासाठी ५५ बाय ३५ बाय २० सेंटिमीटर असं एक माप सुचवलं. लोक इतके भडकले की त्याच महिन्यात ते थांबवावं लागलं. म्हणून आजही जगभर एक माप नाही. प्रत्येक कंपनीचा रांजण वेगळा.

आपल्या देशांतर्गत इकॉनॉमी प्रवासात साधारण चालणारं माप लक्षात ठेवा: ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटर आणि ७ किलो, एकच बॅग. चेक-इनला साधारण १५ किलो. तरी तिकीट काढल्यावर आपल्या कंपनीचा नियम वाचाच, तो बदलतो.

आता इतिहास बाजूला ठेवून गणित करू. ५५ गुणिले ३५ गुणिले २५ म्हणजे ४८,१२५ घन सेंटिमीटर, म्हणजे ४८ लिटर. पण हा चौकोनी डब्याचा हिशोब झाला. सॅक गोलसर असते, पट्टे आणि पाठीची गादी बाहेरून जागा खातात. म्हणून प्रत्यक्षात ३५ ते ४० लिटरची सॅक साच्यात बसते. ५० लिटरची बसेल असं कुणी सांगितलं तर माझ्या बकलची आठवण काढा.

दुसरा आकडा, सॅकचं स्वतःचं वजन. ७ किलोंत सॅक जर पावणेदोन किलोंची असेल तर चौथाई परवाना रिकाम्या पिशवीवरच गेला. ४० लिटरची चांगली सॅक एक ते दीड किलोत मिळते. चाकांची बॅग अडीच-तीन किलोंची असते, त्यापेक्षा हे बरंच.

तिसरी गोष्ट पाठीची लांबी. हे दुकानात कुणी सांगत नाही. मान खाली वाकवल्यावर मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं, तिथपासून कंबरेच्या हाडांच्या वरच्या रेषेपर्यंत टेपनं मोजा. सॅकच्या खांदेपट्ट्यांपासून कंबरपट्ट्यापर्यंतचं अंतर याच्याशी जुळलं पाहिजे. साच्यासाठी सॅक ५५ सेंटिमीटरपेक्षा उंच चालत नाही. तुम्ही उंच असाल तर एवढ्या सॅकचा पट्टा पोटावर येईल, कंबरेवर नाही. मग वजन सरळ खाली जाणार नाही. अशांनी सरळ मोठी सॅक घ्यावी आणि ती चेक-इन करावी. विमानासाठी पाठ मोडून घेऊ नका.

चौथं, टोपण सुटं होणारं आहे का बघा. ते काढून खिशात किंवा आत टाकता आलं पाहिजे. कंबरपट्टा सुटा करता येतो किंवा पाठीमागे आत खोचता येतो का, तेही बघा. मशीनमध्ये अडकून तुटतो तो नेहमी लोंबणारा पट्टा. बाजूच्या पट्ट्यांनी सॅक चपटी होते का, दुकानातच आवळून बघा. कड्यावर चढायचं असेल तर सॅक रुंद नको, अरुंद हवी, हात मोकळे फिरले पाहिजेत. वर ओढून घ्यायला मजबूत हूक हवा. जाळीचे खिसे दिसायला छान असतात, खडकावर एका घासणीत फाटतात.

पाचवं, आत काय चालतं. बर्फाची कुऱ्हाड, क्रॅम्पॉन, हातोडी, पिटॉन हे केबिनमध्ये चालत नाही. ते चेक-इनमध्येच. गॅसचा डबा कुठेच चालत नाही, डोंगराजवळच्या गावातच विकत घ्या. पॉवर बँक बरोबर उलटी, ती फक्त केबिनमध्ये, चेक-इनमध्ये नाही. १०० वॅट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॅट-अवरची असते, म्हणजे चालते. आणि हो, आईनं दिलेलं सुकं खोबरं चेक-इन बॅगेत टाकू नका, ते पेट घेणाऱ्या वस्तूंच्या यादीत आहे.

दोराचं गणितही करून बघा. चढाईचा दोर मीटरला साधारण ६४ ग्रॅम धरला तर ५० मीटर म्हणजे ३ किलो २०० ग्रॅम. सव्वा किलोची सॅक आणि हा दोर मिळून साडेचार किलो झाले, उरले अडीच. म्हणून खरं उत्तर असं: खरी चढाई करायला जाताना एका सॅकमध्ये सगळं केबिनमधून जाणार नाही. जाहिरात काहीही म्हणो. एक साधी घडीची डफल बॅग घ्या, लोखंड आणि दोर त्यात घालून चेक-इन करा. केबिनच्या ४० लिटरच्या सॅकमध्ये ते ठेवा जे हरवलं तर ट्रेकच रद्द होईल. रुळलेले बूट तर पायातच घाला, जाड जॅकेट अंगात घाला, औषधं, चष्मा, हेडलॅम्प, उबदार कपडे सॅकमध्ये. पोचल्यावर डफल रिकामी करून गावात ठेवा, सॅक घेऊन वर जा. साध्या ट्रेकला मात्र, भाड्याची स्लीपिंग बॅग मिळत असेल तर, ४० लिटरच्या एका सॅकमध्ये सगळं होतं. मी आता करतो.

आपल्या वैजापूरकरांना हे जास्त कामाचं. शिर्डीचं विमानतळ २०१७ मध्ये सुरू झालं, आपल्यापासून तासाभरावर. इकडे चिकलठाणा आहेच. दहा वर्षांपूर्वी हिमालयात जायचं म्हणजे आधी दोन रात्री रेल्वेत. आज सकाळी घरून निघालेला पोरगा संध्याकाळी डोंगराच्या पायथ्याशी असू शकतो. त्यामुळे रेल्वेच्या हिशोबानं बॅग भरायची सवय मोडायला हवी.

शेवटी त्या काकांकडे परत जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सॅक परत मागितली. म्हटलं, मीच घेतो. ते म्हणाले, "भैया, कमर पे लो, कंधे पे नहीं." मी तुटलेलं बकल दाखवलं. त्यांनी खच्चराच्या सामानातली सुताची दोरी काढली, पट्ट्याची दोन्ही टोकं ओढून माझ्या कंबरेवर आवळली आणि एका झटक्यात सुटेल अशी गाठ मारली. दोन मिनिटांचं काम. ती गाठ मला आदल्या दिवशी सुचली नव्हती, इंजिनिअर असून. माथ्यापर्यंत आणि परत सांक्रीपर्यंत मी माझं ओझं स्वतः नेलं. त्यांना आदल्या दिवसाचे पैसे दिले, त्यांनी घेतले आणि खच्चर घेऊन पुढच्या ग्रुपबरोबर निघून गेले.

हमाल घेणं चूक आहे असं मी म्हणत नाही. तो त्यांचा रोजगार आहे आणि नीट मजुरी, नीट वजन ठरवून घेतलं तर त्यात काही वाईट नाही. पण ते आधी ठरवून घ्यावं. आपण घरी काटा काढला नाही म्हणून ऐनवेळी कुणाच्या तरी कपाळावर टाकू नये.

तर मंडळी, या वीकेंडला एवढंच करा. घरातली सॅक काढा, भरा, आणि बाथरूममधल्या वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग सॅक घेऊन उभे राहा. वजाबाकी करा. आकडा सातच्या वर असेल तर एकेक वस्तू बाहेर काढत जा. काय काय बाहेर आलं ते मला मेसेज करून सांगा, पुढच्या भागात वाचून दाखवीन. माझ्यातून पहिल्यांदा बाहेर आली होती एक किलोची ब्लूटूथ स्पीकरची पेटी. डोंगरात!

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, चालत राहा.